वेव्हफॉर्म किती जवळून बघायचा? ऑडिओ एडिटिंगमधला झूम आणि कट

रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्यानं हात घालणाऱ्याचा वेळ कापण्यात फार जात नाही, जागा शोधण्यात जातो. आत झूम करायचं, कट मारायचा, बाहेर यायचं, तोवर मघाची जागा हरवलेली असते. पुन्हा ऐकायचं, पुन्हा आत शिरायचं. अर्ध्या तासाची मुलाखत साफ करायला अख्खा दिवस मोडतो तो या हेलपाट्यांपायी. कुठलं काम किती जवळून करायचं हे एकदा ठरलं की बरेच हेलपाटे वाचतात. म्हणून कट मारण्याआधी झूमबद्दल बोलू.

समजा, इंदूरच्या लोकमान्य नगरात एका घरी आजींच्या जुन्या आठवणी रेकॉर्ड केल्या आहेत. अर्धा तास, सेकंदाला ४८,००० सॅम्पल्स (सॅम्पल म्हणजे एका क्षणी घेतलेलं आवाजाच्या पातळीचं माप). वर पंखा फिरतोय, मध्येच कुकरची शिट्टी आहे, खाली कुणीतरी स्कूटरचा हॉर्न वाजवतंय, आणि आजी मराठीतून हिंदीत नि हिंदीतून मराठीत न अडखळता ये-जा करताहेत. स्क्रीनवर हे सगळं एका केसाळ पट्ट्यासारखं दिसतं. तोच वेव्हफॉर्म: आडव्या दिशेला वेळ, उभ्या दिशेला आवाजाची पातळी.

या पट्ट्यात दिसतं त्याहून कितीतरी जास्त दडलेलं असतं. अर्ध्या तासात ८ कोटी ६४ लाख सॅम्पल्स होतात. स्क्रीनची रुंदी १,९२० पिक्सेल धरली, तर पूर्ण रेकॉर्डिंग एका नजरेत बघताना एका पिक्सेलच्या वाट्याला ४५,००० सॅम्पल्स येतात, म्हणजे जवळपास ०.९४ सेकंद. सॉफ्टवेअर त्या सगळ्यांतलं सर्वांत वरचं आणि सर्वांत खालचं मूल्य घेऊन एक उभी रेघ ओढतं आणि पुढे जातं. तेवढ्या वेळात आजींचा 'होळकरांच्या' हा अख्खा शब्द बोलून होतो. इथे कट मारला तर शब्द कुठे तुटेल ते नशिबावर.

उलट टोकाला, अगदी आत गेलात की सुटे ठिपके आणि त्यांना जोडणारी रेघ दिसते. एक ठिपका म्हणजे एक सॅम्पल. आता जागा सॅम्पलइतकी अचूक पकडता येते, पण आपण कुठल्या शब्दात उभे आहोत याचा पत्ता नसतो. खरं काम या दोन टोकांच्या मधे चालतं.

चार पायऱ्या पुरतात

पूर्ण रेकॉर्डिंग दिसतं ती पहिली पायरी. इथे फक्त रचना बघायची: बोलणं कुठे सुरू झालं, कुठे सगळे चहाला उठले, कुठे आवाज एकदम चढला. काहीही कापायचं नाही. फार तर सुरुवातीची आणि शेवटची नको असलेली पाच मिनिटं उडवायची.

दुसरी पायरी ३० सेकंद ते एक मिनिट. वाक्यं ढिगांसारखी वेगळी दिसतात, मधल्या दऱ्या दिसतात. कुठला परिच्छेद ठेवायचा, कुठला उचलून पुढे न्यायचा हे इथे ठरतं. ऐकत ऐकत मार्कर (खुणा) टाकायचे तेही इथेच.

तिसरी पायरी ३ ते ५ सेकंदांची, आणि नव्वद टक्के कट इथेच व्हायला हवेत. १,९२० पिक्सेलमध्ये ४ सेकंद म्हणजे एका पिक्सेलला साधारण २ मिलिसेकंद. शब्दांच्या कडा, श्वास, ओठांचा 'टच्' असा आवाज, सगळं ओळखू येतं आणि वाक्याचं भानही सुटत नाही.

चौथी पायरी २० ते ५० मिलिसेकंदांची. एखादी टिचकी शोधायची असेल, स्वराच्या मध्यात जोड द्यायचा असेल, तबल्याच्या थापेचा अगदी आरंभ पकडायचा असेल, तरच इथे उतरायचं. प्रत्येक कटासाठी इथवर येणं ही नवशिक्यांची सर्वांत महागडी सवय. कटावर छोटा फेड (आवाज हळूहळू उतरवणं किंवा चढवणं) बसणार असेल तर दोन-चार मिलिसेकंद इकडेतिकडे झाल्यानं बोलण्यात काही बिघडत नाही.

या पायऱ्या बोटांत बसायला हव्यात. प्रत्येक एडिटिंग सॉफ्टवेअरच्या कळा वेगळ्या. ऑडॅसिटीत कंट्रोल आणि १ नं आत, कंट्रोल आणि ३ नं बाहेर, कंट्रोल आणि २ नं मूळ झूमवर, कंट्रोल आणि ई नं निवडलेला भाग स्क्रीनभर, कंट्रोल आणि एफ नं पूर्ण प्रोजेक्ट स्क्रीनभर. शिफ्ट आणि झेड दाबलं की दोन ठरावीक झूममध्ये उडी मारता येते. ही सोय फार कमी लोक वापरतात आणि वेळ सर्वांत जास्त तीच वाचवते. रीपरमध्ये माऊसचं चाक फिरवलं की आडवा झूम, कंट्रोल धरून फिरवलं की ट्रॅकची उंची, ऑल्ट धरून फिरवलं की डावी-उजवीकडे सरकणं. क्यूबेसमध्ये जी आणि एच या दोन कळा बाहेर-आत नेतात. लॉजिकमध्ये झेड दाबलं की निवडलेली क्लिप (ट्रॅकवरचा आवाजाचा तुकडा) स्क्रीनभर होते, पुन्हा दाबलं की परत. प्रो टूल्समध्ये तेच काम ई करते, मात्र त्यासाठी कीबोर्ड फोकस चालू असावा लागतो.

झूम केल्यावर जागा पळते, ही तक्रार जवळपास प्रत्येकाची असते. कारण साधं आहे. झूमला एक केंद्र लागतं आणि ते केंद्र काय असावं यावर सॉफ्टवेअरचं आणि तुमचं एकमत नसतं. रीपर सुरुवातीला एडिट कर्सर किंवा वाजणारा कर्सर केंद्र धरतं, तर तुम्ही बघत असता माऊसचा बाण आहे तिथे. प्रेफरन्सेसमध्ये आडव्या झूमचं केंद्र बदलायची सोय आहे. माऊसच्या चाकानं काम करणाऱ्यांनी ते 'माऊस कर्सर' करावं. कीबोर्डनं काम करणाऱ्यांनी आहे तसं ठेवावं, आणि झूम करण्याआधी हव्या त्या जागी एकदा क्लिक करायची सवय लावावी. दोन्ही पद्धती चालतात. अर्धं हे, अर्धं ते केलं की गोंधळ होतो.

उभा झूम हा वेगळाच सापळा. ट्रॅकची उंची वाढवली किंवा वेव्हफॉर्म फुगवून दाखवला (रीपरमध्ये शिफ्ट आणि वरचा बाण) तर आवाज एक डेसिबलनंही वाढत नाही, फक्त चित्र मोठं होतं. काही जण फुगलेलं चित्र बघून आवाज फाटलाय असं समजतात आणि पातळी खाली आणतात. काहींची चूक उलटी: हळू रेकॉर्ड झालेलं फुगवून ठेवलं हे विसरतात आणि तसंच एक्सपोर्ट करतात. पातळी किती ते मीटरवर बघायचं. चित्र फुगवायचं ते श्वास, वाक्याच्या शेवटी विरत जाणारा आवाज, मागची घरघर शोधायला. त्यासाठी ते उत्तम आहे, एवढंच.

कापल्यावर नेमकं काय होतं

आताच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये कट मारल्यानं मूळ फाईलला काही होत नाही. क्लिप म्हणजे 'या फाईलमधला इथून इथपर्यंतचा भाग वाजव' अशी एक सूचना. क्लिपची कड आत ओढली की सूचना बदलते, बाहेर ओढली की लपलेला आवाज परत येतो. ऑडॅसिटीत क्लिपच्या कडा अशा ओढायची सोय २०२१ च्या ३.१ आवृत्तीपासून आली. त्याआधी कापलेलं परत हवं तर अनडू एवढाच आधार होता. कट चुकला तर कड ओढून दुरुस्त होतो, त्यामुळे पहिल्या फेरीत सढळ हातानं, थोडं जास्त ठेवून कापावं.

कापून काढल्यावर मधली जागा तशीच रिकामी राहायला हवी, की पुढचं सगळं मागे सरकायला हवं? मागे सरकण्याला रिपल म्हणतात. मुलाखतीत बहुधा रिपलच हवं, नाहीतर प्रत्येक कटानंतर पुढची पंचवीस मिनिटं हातानं सरकवावी लागतात. रीपरमध्ये ऑल्ट आणि पी नं ते तीन अवस्थांमध्ये फिरतं: बंद, फक्त त्या ट्रॅकपुरतं, सगळ्या ट्रॅकवर. घात होतो तो मधल्या अवस्थेत. आजींचा माईक एका ट्रॅकवर, प्रश्न विचारणाऱ्याचा दुसऱ्यावर, आणि रिपल फक्त आजींच्या ट्रॅकवर चालू. पहिल्या कटापासून उत्तरं प्रश्नांच्या आधी सरकू लागतात. पहिला कट ३०० मिलिसेकंदांचा असेल तर ते कळतही नाही, दहाव्या कटाला आजी प्रश्न विचारायच्या आत उत्तर देतात.

दोन माईक एकाच खोलीत असतील तर आणखी एक घोटाळा. आजींचा आवाज दुसऱ्या माईकमध्येही जातोच, थोडा उशिरा. हवेत आवाजाला एक मीटर जायला जवळपास ३ मिलिसेकंद लागतात. एका ट्रॅकवरची क्लिप नुसती २ मिलिसेकंदांनी हलली तरी दोन आवाज एकमेकांत मिसळताना काही फ्रिक्वेन्सी (आवाजातले खालचे-वरचे सूर) नाहीशा होतात, आणि आवाज पाईपमधून आल्यासारखा पोकळ होतो. म्हणून कापण्याआधी दोन्ही ट्रॅकवरच्या क्लिप्स निवडून ग्रुप कराव्यात (रीपरमध्ये जी), आणि मग स्प्लिट (एस). ऑडॅसिटीत स्प्लिट कंट्रोल आणि आय नं होतं.

बोलण्याच्या कामात स्नॅप बंद ठेवावा. ग्रिडला (समान अंतरावरच्या उभ्या रेघांना) चिकटून राहणारा कर्सर तालाच्या कामात सोयीचा, पण माणूस ग्रिडवर बोलत नाही. आपण क्लिक करतो एका जागी आणि कट बसतो अर्धा शब्द पुढे, यामागे शंभरात नव्वद वेळा स्नॅपच असतो. रीपरमध्ये ऑल्ट आणि एस नं तो चालू-बंद होतो.

टिचकी का वाजते

आवाज म्हणजे वरखाली होणारी रेघ. कट करून दोन तुकडे जोडले आणि एकाची रेघ वर संपून दुसऱ्याची खाली सुरू झाली, तर स्पीकरच्या पडद्याला एका सॅम्पलमध्ये वरून खाली उडी मारावी लागते. अशा तीक्ष्ण उडीत खालपासून वरपर्यंत सगळ्या फ्रिक्वेन्सी असतात, आणि कानाला ती 'टक्' अशी ऐकू येते.

पुस्तकी उपाय असा, की रेघ मधल्या शून्य रेषेला छेदते तिथे कापा. ऑडॅसिटीत झेड दाबलं की निवडीच्या कडा जवळच्या शून्य-छेदाला जाऊन बसतात. उपाय चांगला आहे, पण त्यावर जेवढा भरवसा टाकला जातो तेवढा तो पेलत नाही. स्टीरिओत डावी रेघ शून्यावर असते तेव्हा उजवी तिथे असेलच असं नाही. कटाच्या डावीकडची रेघ वर चढत शून्याला आली आणि उजवीकडची खाली उतरत सुरू झाली, तर शून्यावर जोडूनही कोपरा राहतोच. आणि जिथे मागे ५० हर्ट्‌झची विजेची घरघर आहे, तिथे बारीक लाटा एका मोठ्या संथ लाटेवर बसलेल्या असतात. बोलणं संपलं तरी ती मोठी लाट चालूच असते, आणि ती मधूनच तुटली की दोन वाक्यांमधल्या शांततेत हलका धक्का ऐकू येतो. अशा रेकॉर्डिंगमध्ये काढून टाकायचा तुकडा २० मिलिसेकंदांच्या पटीत ठेवला, तर घरघरीची लाट पुढच्या लाटेला बरोबर जुळते, कारण ५० हर्ट्‌झची एक लाट २० मिलिसेकंदांची असते. हे करायला जड नाही: नजचं (कळ दाबून ठरावीक पावलानं सरकवण्याचं) अंतर २० मिलिसेकंद ठेवायचं आणि कड एकेक पाऊल सरकवून कान लावायचा.

रोजच्या कामात फेड हाच खरा उपाय. शिंपी दोन कापडं जोडताना दोन्हीकडचं थोडं कापड एकमेकांवर घेतो, तसं क्रॉसफेडमध्ये पहिल्या तुकड्याचा शेवट आणि दुसऱ्याचा आरंभ काही मिलिसेकंद एकमेकांवर येतात. एक उतरतो, दुसरा चढतो. बोलण्यासाठी ५ ते १० मिलिसेकंद पुरतात. रीपर स्प्लिट करतानाच छोटा क्रॉसफेड देऊ शकतं. ऑडॅसिटीत जोडाच्या दोन्ही बाजूंचा थोडा भाग निवडून 'क्रॉसफेड क्लिप्स' हा इफेक्ट चालवावा लागतो.

फेडची लांबी आवाजातल्या सर्वांत खालच्या फ्रिक्वेन्सीवर ठरते. बायकांच्या आवाजात एक लाट साधारण ५ मिलिसेकंदांची, पुरुषांच्या आवाजात ८ ते १०. फेड एका लाटेपेक्षा आखूड असेल तर टिचकी मऊ होते, जात नाही. तबल्याच्या डग्ग्यावर हे ठळकपणे कळतं. त्याचा नाद १०० हर्ट्‌झच्या खाली उतरत जातो, तिथे ५ मिलिसेकंदांचा फेड देऊन उपयोग नाही, २० ते ३० हवा.

फेडचा आकारही बघावा लागतो. दोन्ही बाजूंना वेगवेगळा आवाज असेल, म्हणजे दोन वेगळी वाक्यं किंवा दोन वेगळे टेक, तर 'इक्वल पॉवर' वक्र घ्यावा. सरळ रेषेचा घेतला तर मधोमध आवाज ३ डेसिबलनं खचतो. दोन्ही बाजूंना अगदी तोच आवाज असेल, समजा हार्मोनियमचा धरलेला एकच सूर लाटेला लाट जुळवून जोडला आहे, तर उलट: सरळ रेषेचा 'इक्वल गेन' योग्य, आणि इक्वल पॉवरनं मधे ३ डेसिबलचा फुगा येतो. ५ मिलिसेकंदांच्या फेडमध्ये हा फरक ऐकू येत नाही. अर्ध्या सेकंदाच्या फेडमध्ये येतो.

मराठी अक्षरं वेव्हफॉर्मवर कशी दिसतात

सॉफ्टवेअर शिकवणारे जवळपास सगळे व्हिडिओ इंग्रजी बोलण्यावर बेतलेले असतात. मराठीचे उच्चार वेगळे आहेत, आणि ते ओळखू आले तर तिसऱ्या पायरीवरून खाली न उतरताच कटाची जागा दिसते.

सर्वांत सोपे क, ट, त, प. हे उच्चारताना तोंड क्षणभर पूर्ण बंद होतं, मग हवा फुटते. वेव्हफॉर्मवर आधी साधारण ६० ते १०० मिलिसेकंदांची सपाट रेघ दिसते, मग एक टोकदार उभी रेघ. त्या सपाट भागात कुठेही कापा, कुणाला कळणार नाही. शब्दाच्या मध्यात कट देणं भागच असेल तर तो असं अक्षर शोधून द्यावा. ख, ठ, थ, फ यांत फुटल्यानंतर हवेचा केसाळ झुबका येतो. तो नको असलेला आवाज समजून छाटला की 'खरं' चं 'करं' होतं.

ग, ड, द, ब यांत मात्र फसगत ठरलेली. मराठीत हे उच्चारताना तोंड बंद असतानाच गळ्यातला नाद सुरू झालेला असतो. चित्रात स्फोटाच्या आधी एक बारीक, गुळगुळीत, संथ लाट दिसते, जेमतेम उंचीची. ट्रॅक फुगवून बघितला नाही तर ती शांतताच वाटते. तिथे कापलं की 'बाग' चं 'पाग' ऐकू येऊ लागतं. शब्दाची सुरुवात या चार अक्षरांपैकी एकानं होत असेल तर स्फोटाच्या १०० ते १५० मिलिसेकंद आधी कड ठेवावी.

ह तर त्याहून लाजाळू. इंदुरात जुन्या आठवणी निघाल्या की होळकरांचं नाव येणारच, आणि घाईत कापलेल्या क्लिपमध्ये त्यांचं 'ओळकर' होतं, ते यामुळेच. ह ची उंची पुढच्या ओ च्या मानानं नगण्य असते. डोळ्याला शब्द जिथे सुरू झालेला दिसतो त्याच्या आधी तो सुरू झालेला असतो.

स आणि श दाट, एकसारख्या केसाळ पट्ट्यासारखे दिसतात. त्यांत शून्य-छेद शोधण्यात अर्थ नाही, क्षणाक्षणाला छेद असतात. इथे १० ते २० मिलिसेकंदांचा फेड द्यावा, नाहीतर स ची सुरुवात च सारखी टोचते. म आणि न हे गुळगुळीत, स्वरापेक्षा बुटके ढीग. य, व आणि र यांना कडा नसतातच. आधीचा स्वर वितळत त्यांच्यात जातो आणि तिथून पुढच्यात. 'यायला', 'वर्षांनी' अशा शब्दांच्या पोटात कट देण्याचा हट्ट धरू नये. मागच्या किंवा पुढच्या शब्दावर जागा शोधावी.

जोडाक्षरांचं काय? 'पक्का', 'सत्ता', 'हट्ट' यांत तोंड बंद राहण्याचा काळ लांबतो, आणि पक्का हा शब्द पक्का होतो तो त्या लांबलेल्या शांततेमुळे. आपोआप शांतता काढणारे इफेक्ट (ऑडॅसिटीत 'ट्रंकेट सायलेन्स') इथे घोळ करतात. किमान कालावधी ०.१ सेकंद ठेवला तर तो इफेक्ट या शब्दांच्या मधली शांतता खातो आणि आजी 'पका' म्हणतात. तो कालावधी अर्ध्या सेकंदाच्या खाली आणू नये. तसंही हा इफेक्ट मुलाखतीवर अख्खा चालवू नये असंच म्हणणं बरं. बोलण्यातले थांबे तो सगळे एकाच मापाचे करून टाकतो.

वाक्याचा शेवट सुरुवातीपेक्षा जपून कापावा लागतो. 'होतं', 'गेलं' यांतला शेवटचा स्वर हळूहळू विरतो, त्यामागून खोलीचा घुमारा येतो. फरशी, उघड्या भिंती आणि मोजकं सामान असलेल्या खोलीत तो अर्धा सेकंदही टिकतो. तो ऐकू येईनासा होईपर्यंत कड पुढे ओढायची, मग ५० ते १०० मिलिसेकंदांचा फेड.

'अं', 'म्हणजे', आणि इंदूरकरांच्या बोलण्यात मधूनच डोकावणारं 'मतलब' काढताना हिशोब एवढाच: अशा शब्दाच्या मागेही थांबा असतो, पुढेही. शब्द आणि त्याच्या एका बाजूचा थांबा काढायचा, दुसऱ्या बाजूचा ठेवायचा. दोन्ही ठेवले तर भोक पडतं, दोन्ही काढले तर वाक्यं एकमेकांवर आदळतात. सगळेच 'म्हणजे' काढूही नयेत. आजींचे सगळे 'म्हणजे' गेले तर आजी बातम्या वाचू लागतात.

श्वास कापू नये, खाली आणावा, ६ ते १० डेसिबल. श्वास पूर्ण काढला की मागची पंख्याची घरघरही तेवढ्यापुरती नाहीशी होते आणि तिथे पोकळी ऐकू येते. म्हणूनच रेकॉर्डिंग संपल्यावर सगळ्यांना गप्प बसवून खोलीची नुसती शांतता मिनिटभर रेकॉर्ड करून ठेवावी. पंखा चालू असेल तर चालूच ठेवून. ती पुढे भोकं बुजवायला लागते.

कुकरची शिट्टी आणि हॉर्न वेव्हफॉर्मवर नीट ओळखू येत नाहीत, बोलण्याच्या ढिगात मिसळून जातात. त्यांच्यासाठी स्पेक्ट्रोग्राम उघडावा. त्यात उभ्या दिशेला फ्रिक्वेन्सी असते, त्यामुळे हॉर्नच्या एकावर एक सरळ आडव्या रेघा लगेच दिसतात. दोन शब्दांच्या मध्ये असेल तर तुकडा काढून त्या जागी खोलीची शांतता बसवायची. शब्दावरच असेल आणि आजींनी तेच दुसऱ्यांदा सांगितलं असेल, तर तो शब्द तिकडून आणायचा. नसेल तर हॉर्न राहू द्यावा. इंदूरच्या घरातली आठवण आहे, ऐकणारा दचकणार नाही.

गाण्याचं रेकॉर्डिंग असेल तर

नियम बदलतात. तबल्याची थाप काही मिलिसेकंदांत शिखराला जाते, त्यामुळे कटाची सर्वोत्तम जागा थापेच्या किंचित आधी, ५ ते १० मिलिसेकंद. थापेचा जोर आधीचा जोड झाकून टाकतो. रीपर आणि प्रो टूल्समध्ये टॅब कळ दाबली की कर्सर पुढच्या अशा आघातावर जाऊन बसू शकतो. तिथून नजनं थोडं मागे यायचं. थापेनंतरच्या नादात, विशेषतः डग्ग्याच्या घुमाऱ्यात, कट नकोच.

ग्रिड आणि टेम्पो यांचा ख्यालाच्या रेकॉर्डिंगला उपयोग नाही. अतिविलंबित झूमरा ही तर उस्ताद अमीर खाँ यांच्या, म्हणजे इंदूर घराण्याच्या गायकीची ओळख. झूमऱ्याच्या १४ मात्रा, आणि त्या लयीत एकेक मात्रा सेकंदांमध्ये मोजावी लागते. त्या मात्रा घड्याळाच्या काट्यासारख्या सारख्या नसतात, नसाव्यातच. प्रत्येक समेवर हातानं मार्कर टाकावा (रीपरमध्ये एम, ऑडॅसिटीत वाजत असताना कंट्रोल आणि एम). मग कुठलं आवर्तन ठेवायचं, कुठलं काढायचं हे समेपासून समेपर्यंत निवडून ठरवता येतं.

तानपुरा सर्वांत कठीण, कारण तो थांबतच नाही. गाण्याच्या माईकमध्ये तो शिरलेला असेल तर प्रत्येक कटाला त्याच्या तारांचा क्रम तुटतो. शक्य असेल तर तानपुऱ्याला वेगळा ट्रॅक द्यावा आणि त्या ट्रॅकला हात लावू नये. शक्य नसेल तर दोन्ही बाजूंना तानपुऱ्याची तीच तार वाजत असेल अशी जागा शोधून अर्ध्या-एक सेकंदाचा क्रॉसफेड द्यावा. स्वरमंडळ आणि हार्मोनियम वर असतील तर हा जोड लपून जातो.

कामाचा क्रम

पहिली फेरी कानांची: दुसऱ्या पायरीवर झूम ठेवून सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकायचं, न थांबता, फक्त मार्कर टाकत. दुसरी फेरी कटांची: मार्करवरून मार्करवर उड्या मारत, तिसऱ्या पायरीवर. तिसऱ्या फेरीत फेड आणि श्वास. एकाच फेरीत सगळं करायला गेलं की प्रत्येक वाक्याला चारही पायऱ्या चढ-उतराव्या लागतात, आणि पाचव्या मिनिटाला बारकाईनं घासलेलं वाक्य विसाव्या मिनिटाला नकोच होतं असं लक्षात येतं. प्रत्येक फेरीनंतर प्रोजेक्ट नव्या नावानं सेव्ह करावा.

कट तपासताना कटाच्या दोन-तीन सेकंद आधीपासून वाजवायचं. अगदी कटावरून सुरू केलं तर कान तयार नसतो आणि सगळेच कट वाईट वाटतात. आणि स्क्रीनकडे बघू नये. कर्सर कटाकडे सरकताना दिसला की मेंदू तिथे काहीतरी ऐकायचं ठरवूनच बसतो. तोंड फिरवून हेडफोनवर ऐकल्यावर कट कुठे होता हे सांगता आलं नाही, तर तो कट झाला.

एकटी उरलेली टिचकी, जी कटाची नसून माईकच्या वायरची किंवा ओठांची आहे, तिच्यासाठी चौथी पायरी. ऑडॅसिटीत 'रिपेअर' नावाचा इफेक्ट आहे, तो जास्तीत जास्त १२८ सॅम्पल्सवर चालतो. ४८,००० च्या दरानं ते अडीच मिलिसेकंदांहून थोडं जास्त. निवड त्याहून मोठी असेल तर तो सरळ नकार देतो, म्हणून आधी पूर्ण आत झूम करून नेमकी टिचकीच निवडावी लागते.

जुन्या लॅपटॉपवर झूम अडखळत असेल तर दोष बहुधा तुमच्या हाताचा नसतो. लांबून दाखवायच्या चित्रासाठी सॉफ्टवेअर वेव्हफॉर्मचा एक आराखडा आधीच तयार करून वेगळ्या छोट्या फाईलमध्ये ठेवतं. तो तयार होत असताना झूम रेंगाळतो. पेन ड्राईव्हवरून थेट काम करत असाल तर आणखीच. आधी सगळं लॅपटॉपच्या डिस्कवर कॉपी करावं, आराखडा पूर्ण होऊ द्यावा, मग कामाला लागावं. रीपरच्या 'रीपीक्स' फाईल्स याच. चुकून उडवल्या तरी घाबरायचं कारण नाही, त्या पुन्हा तयार होतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली व्हॉइस नोट किंवा एमपी३ असेल तर कापण्याआधी तिची वेव्ह फाईल करून घ्यावी. एमपी३ च्या सुरुवातीला बहुधा काही मिलिसेकंदांची जादा शांतता चिकटलेली असते. त्याच प्रसंगाचं दुसऱ्या फोनवरचं रेकॉर्डिंग शेजारच्या ट्रॅकवर ठेवायचं असेल तर दोन्ही फाईल्सच्या सुरुवाती जुळवू नयेत. दोन्हीकडे ऐकू येणारी एखादी टाळी शोधून, चौथ्या पायरीवर उतरून, ती टाळीला टाळी जुळवावी.